ज्वालामुखीची राख आली तर हवाई हद्द बंद करावी का? निर्णयाची एक पद्धत

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. हजारो वर्षांत त्याच्या उद्रेकाची नोंद नव्हती, त्यामुळे त्यावर कोणी फारसे लक्ष ठेवून नव्हते. राखेचा ढग सुमारे १४ किलोमीटर उंचीपर्यंत चढला, तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानच्या बाजूने अरबी समुद्रावर आला आणि २४ तारखेच्या रात्री गुजरात, राजस्थान व दिल्लीच्या आकाशात पोहोचला. भारताने हवाई हद्द बंद केली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, बाधित भाग आणि बाधित उंची टाळावी, मार्ग व इंधनाचे नियोजन त्यानुसार बदलावे आणि राखेशी संपर्क आल्याची शंका आली तरी ती कळवावी, अशा सूचना विमान कंपन्यांना दिल्या. पुढचे निर्णय कंपन्यांनी घेतले. अकासाने आखातातील आणि जेद्दाची उड्डाणे रद्द केली, इंडिगोचे कन्नूरहून अबू धाबीला निघालेले विमान अहमदाबादला उतरले आणि एअर इंडियाने काही विमानांची तपासणी करण्यासाठी उड्डाणे रद्द केली.

एप्रिल २०१० मध्ये युरोपने याच्या नेमके उलट केले होते. आइसलँडमधील एयाफ्यातलायोकुत्ल या हिमनदीखालच्या ज्वालामुखीचा स्फोटक उद्रेक १४ एप्रिलला सुरू झाला आणि दुसऱ्या दिवसापासून देशामागून देश आपापले आकाश बंद करत गेले. आठवडाभरात सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली आणि जवळपास एक कोटी प्रवाशांना फटका बसला. मुंबईहून युरोपकडे जाणारी विमानेही त्यात अडकली.

यांपैकी एक निर्णय सरसकट बरोबर आणि दुसरा सरसकट चूक, असे म्हणता येत नाही. राखेच्या बाबतीत हद्द बंद करणे हा माहितीच्या अभावावरचा उपाय आहे. माहिती जसजशी हाती येते तसतशी बंदीची जागा सूचनांनी घ्यायला हवी आणि बंदी उरलीच तर ती लहान, मुदतीची व कारणासह असायला हवी. या भूमिकेतून निर्णयाकडे कसे जावे, हे पुढे मांडले आहे. विमानतळ व्यवस्थापन, उड्डाण नियोजन किंवा हवाई वाहतूक नियंत्रण यांचे शिक्षण घेणाऱ्यांना ते थेट उपयोगी पडेल. या विषयावर बातमी लिहिणाऱ्यांनाही पडावे.

बंद नेमके काय करायचे आहे?

पहिली पायरी म्हणजे प्रश्न वेगळे करणे. धावपट्टीवर राख पडली म्हणून विमानतळ बंद करणे, ढग असलेल्या आकाशाचा ठरावीक भाग ठरावीक उंचीदरम्यान बंद करणे आणि एखाद्या कंपनीने आपले एखादे उड्डाण न करणे हे तीन स्वतंत्र निर्णय आहेत. ते तीन वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या पुराव्यांवर घ्यायचे असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी लाकी-लाकी या ज्वालामुखीच्या राखेमुळे शेकडो किलोमीटर दूरच्या बालीकडे जाणारी अनेक उड्डाणे रद्द झाली, त्यांत इंडिगोचे बंगळूरहून जाणारे उड्डाणही होते. मात्र बालीचा विमानतळ तेव्हा सुरूच होता. त्याच बालीत नोव्हेंबर २०१७ मध्ये अगुंग पर्वताच्या उद्रेकानंतर विमानतळच बंद करावा लागला होता. प्रवाशाला दोन्ही वेळी एकच अनुभव येतो, पण निर्णय घेणाऱ्याने या दोन्ही प्रसंगांची सरमिसळ करू नये.

दुसरी बाब अधिकाराची आहे आणि ती चर्चेत बहुधा राहून जाते. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाला आपल्या भूभागावरील व प्रादेशिक सागरावरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व दिले आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तेथील उड्डाणांवर तात्पुरती बंदी घालण्याचा अधिकारही त्याच कराराच्या नवव्या कलमात आहे. अट एवढीच की बंदी सर्व देशांच्या विमानांना सारखी लागू असावी. खुल्या समुद्रावर मात्र हा अधिकार पोहोचत नाही. मुंबईच्या उड्डाण माहिती क्षेत्रात अरबी समुद्राचा मोठा पट्टा येतो. तेथे भारत हवाई वाहतूक सेवा देतो, इशारे देतो, धोक्याचे क्षेत्र जाहीर करू शकतो, पण ते आकाश आपले म्हणून कुलूपबंद करू शकत नाही. २०२५ चा ढग भारताकडे येताना याच पट्ट्यावरून आला. त्यामुळे 'भारताने समुद्रावरची हद्द का बंद केली नाही' या प्रश्नाचे पहिले उत्तर कायद्यातच मिळते आणि शास्त्राचा विचार त्यानंतर येतो.

राख इंजिनात गेल्यावर काय होते?

हे समजल्याशिवाय किती राख चालेल याविषयी बोलण्यात अर्थ नाही. ज्वालामुखीची राख ही चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती खडक, खनिजे आणि काच यांचे अतिशय बारीक, धारदार कण असतात. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातले तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि राखेतली काच त्याहून बऱ्याच कमी तापमानाला मऊ होते. ज्वलनकक्षात वितळलेली काच पुढे टर्बाइनच्या तुलनेने थंड पात्यांवर जाऊन घट्ट बसते, हवेचा मार्ग अरुंद होतो आणि इंजिन गुदमरून बंद पडते. शिवाय समोरची काच खरवडली जाऊन पांढरी होते आणि वेगमापनासाठीच्या पिटो नळ्या तुंबतात. सर्वांत त्रासाची गोष्ट ही की विमानातल्या हवामान रडारला हे कण दिसत नाहीत, कारण ते रडार पावसाच्या थेंबांसाठी बनवलेले असते.

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे फ्लाइट ९ हे विमान जावा बेटाजवळ असताना हेच घडले. लंडनहून ऑकलंडकडे जाणारे हे विमान मुंबईत थांबून पुढे क्वालालंपूरला आणि तेथून पर्थच्या दिशेने निघाले होते. गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरल्यावर त्याची चारही इंजिने बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३७,००० फुटांवरून विमान तरंगत खाली आणले. इंजिने थंड झाल्यावर पात्यांवरची काच तडकून सुटली, साडेतेरा हजार फुटांच्या आसपास पहिले इंजिन पुन्हा सुरू झाले आणि विमान जाकार्तात सुखरूप उतरले. १५ डिसेंबर १९८९ रोजी अलास्कात रिडाउट पर्वताच्या राखेत शिरलेल्या केएलएमच्या नव्या कोऱ्या बोइंग ७४७ चीही चारही इंजिने गेली. तेही वाचले, पण दुरुस्तीला सुमारे ८ कोटी डॉलर लागले.

या दोन प्रसंगांत राख दाट होती. विचारात पाडणारा तिसरा प्रसंग फेब्रुवारी २००० मधला आहे. नासाचे डीसी-८ हे संशोधन विमान आइसलँडच्या हेक्ला ज्वालामुखीच्या विरळ झालेल्या ढगातून काही मिनिटे गेले. वैमानिकांना काहीच जाणवले नाही. विमानातल्या वैज्ञानिक उपकरणांना मात्र राख आढळली. पुढे तपासणीत टर्बाइनच्या पात्यांची शीतलन छिद्रे तुंबल्याचे दिसले आणि इंजिनांवर ३० लाख डॉलरपेक्षा अधिक खर्च झाला. म्हणजे 'विमान गेले आणि नीट परत आले' हा राख निरुपद्रवी असल्याचा पुरावा होत नाही. हवेत राखेशी गाठ पडल्यामुळे प्रवासी विमान कोसळून माणसे दगावल्याची एकही घटना आजवर नोंदलेली नाही, हेही तितकेच खरे आहे. निर्णय घेणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात, सोयीची तेवढी उचलू नये.

ज्वालामुखीविषयी काय विचारावे?

उद्रेकाची बातमी आली की पहिला प्रश्न उद्रेकाच्या प्रकाराचा असावा. लाव्हा शांतपणे वाहणाऱ्या उद्रेकातून फारशी राख निघत नाही. आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून अनेक उद्रेक झाले, ग्रिंडाविक गाव रिकामे करावे लागले, पण जवळचा केफ्लाविक विमानतळ चालू राहिला. उलट २०१० मध्ये तप्त शिलारस हिमनदीच्या पाण्याला भिडल्यामुळे राख अतिशय बारीक झाली आणि बारीक राख दूरवर, दीर्घकाळ तरंगते.

विमान वाहतुकीसाठी ज्वालामुखींना हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंगसंकेत दिले जातात. मात्र हा रंग ज्वालामुखीचा असतो, ढगाचा नव्हे. उद्रेक थांबल्यावर रंग उतरतो, पण सुटलेला ढग हजारो किलोमीटर पुढे चालत राहतो. हायली गुब्बीचे तसेच झाले: ढग भारतावर आला तेव्हा उद्रेकाचा मुख्य जोर केव्हाच ओसरला होता. ज्या ज्वालामुखीभोवती भूकंपमापकांचे जाळेच नाही, त्याच्याविषयी तर पहिली खबर उपग्रहाकडूनच येते आणि ती उशिरा येऊ शकते, हे गृहीत धरावे.

इशारा वाचताना

जगात राखेवर नजर ठेवणारी नऊ सल्ला केंद्रे आहेत: लंडन, तुलूझ, अँकरेज, वॉशिंग्टन, माँट्रियल, ब्यूनोस आयर्स, डार्विन, टोकियो आणि वेलिंग्टन. हायली गुब्बीचे सल्ले फ्रान्समधील तुलूझच्या केंद्राने दिले. सल्ल्यात ढगाची आत्ताची व्याप्ती व उंची आणि पुढील ६, १२ व १८ तासांचा अंदाज असतो, व उद्रेक किंवा ढग असेपर्यंत तो किमान दर सहा तासांनी नवा येतो. त्याच्या आधारे त्या त्या उड्डाण माहिती क्षेत्राचे हवामान निरीक्षण कार्यालय सिगमेट हा इशारा काढते; राखेसाठीचा सिगमेट जास्तीत जास्त सहा तास लागू राहतो. विमानतळ किंवा मार्ग यांवरील निर्बंध नोटॅम या वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेद्वारे किंवा राखेसाठीच्या ॲशटॅमद्वारे कळवले जातात. आपल्याकडे सिगमेटचे काम भारतीय हवामान विभाग करतो.

वाचताना दोन ठिकाणी हमखास गफलत होते. सर्व वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, म्हणून भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावे लागतात. '१८००' दिसले की आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. दुसरे म्हणजे नकाशावरचा, ढगाची सीमा दाखवणारा बहुभुज पाहून लोक उंचीचा आकडा वाचायचे विसरतात. ढग २५,००० ते ४५,००० फुटांदरम्यान असेल तर त्या बहुभुजाच्या आत कमी उंचीवरून जाणारे देशांतर्गत विमान ढगात शिरतच नाही. अर्थात खालून उडण्याने इंधन जास्त जळते आणि त्या उंचीवर गर्दी होते, तरी तो पर्याय 'बंद'पेक्षा वेगळा आहे. जून २०११ मध्ये चिलीतल्या पुयेवे-कोर्डोन काउले या ज्वालामुखीची राख ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली तेव्हा क्वांटासने अनेक उड्डाणे रद्द केली, तर व्हर्जिन ऑस्ट्रेलियाने बरीचशी विमाने ढगाखालून वा ढगाला वळसा घालून चालवली. एकाच आकाशाविषयी दोन जबाबदार कंपन्यांनी दोन निर्णय घेतले आणि नियामकाने दोघींनाही तसे करू दिले.

अंदाजावर किती विसंबावे?

या भागावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण निर्णयाची खरी अडचण येथेच आहे. ढग कोठे जाईल हे वाऱ्यावरून बऱ्यापैकी सांगता येते. त्यात राख किती आहे हे सांगणे फार अवघड असते. ढगाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रतिमानांना उद्रेकातून दर सेकंदाला किती राख निघते हा आकडा हवा असतो आणि तो बहुधा राखेच्या स्तंभाच्या उंचीवरून काढला जातो. राखेचे प्रमाण उंचीच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे उंची मोजताना दहा टक्क्यांची चूक झाली तर राखेचा अंदाज जवळपास दीडपट होतो किंवा त्या प्रमाणात कमी होतो. शिवाय निघालेल्या राखेतला थोडाच बारीक हिस्सा दूर जातो आणि तो हिस्सा किती हेही गृहीतच धरावे लागते. उपग्रह अवरक्त किरणांच्या दोन तरंगलांबींतील फरकावरून राख ओळखतात, पण वर बर्फाचे ढग असले किंवा राखेवर बर्फ चढला असला की ती खूण पुसट होते. म्हणूनच नकाशावरची रेघ म्हणजे कुंपण नव्हे, एवढे भान राखून तिचा उपयोग करावा.

२०१० पर्यंत युरोपातला दंडक सरळ होता: राख दिसली किंवा प्रतिमानाने दाखवली की टाळायची. इंजिन किती राख सहन करते याचा मान्य आकडा इंजिन उत्पादकांकडेही नव्हता, त्यामुळे प्रतिमान संवेदनशील असेल तेवढे आकाश बंद होत गेले. कंपन्यांनी चाचणी उड्डाणे केली. ब्रिटिश एअरवेजच्या विमानात तेव्हाचे प्रमुख विली वॉल्श स्वतः बसले. नुकसान आढळले नाही असे कंपन्यांनी सांगितले. त्याच दिवसांत फिनलंडच्या हवाई दलाच्या हॉर्नेट विमानांच्या इंजिनांत मात्र राखेच्या खुणा सापडल्या होत्या. अखेर २० एप्रिलला ब्रिटनने घनमीटरमागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा मान्य केली आणि मे महिन्यात ठरावीक वेळेच्या अटीवर ती ४ मिलिग्रॅमपर्यंत नेली.

मग एप्रिलची बंदी चुकीची होती का? माझ्या मते पहिले दोन-तीन दिवस ती योग्य होती, कारण तेव्हा कोणाकडेच आकडा नव्हता. २०११ मध्ये आइसलँड आणि कोपनहेगन विद्यापीठांतील संशोधकांनी त्या राखेचे कण तपासून ते विशेष कठीण व धारदार असल्याचे दाखवले आणि बंदीला आधार मिळाला. चूक झाली ती उद्रेकाच्या आधी. आइसलँडमध्ये उद्रेक होणार हे कोणालाही माहीत असताना इंजिनांच्या सहनशक्तीचा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच ठेवला गेला, आणि उत्तर आठवड्याभरात, तेही कोट्यवधी डॉलर रोज बुडत असताना, शोधावे लागले. आणखी एक गोष्ट त्या आठवड्याने दाखवली: बंद केलेल्या आकाशातून वैमानिकांचे अहवाल येत नाहीत, म्हणजे बंदी स्वतःच माहितीचा एक झरा आटवते. सर्वत्र बंदी घालणाऱ्याने संशोधन विमाने व जमिनीवरून लेसर किरणांनी हवेतले कण टिपणारी लायडार उपकरणे यांची सोय त्याच आदेशात केली पाहिजे.

पुढच्याच वर्षी, २१ मे २०११ रोजी, आइसलँडच्या ग्रिम्सवोत्नचा उद्रेक झाला. त्याचा स्तंभ २०१० पेक्षा बराच उंच, सुमारे २० किलोमीटरपर्यंत गेला. तरीही तीन दिवसांतल्या सुमारे ९०,००० उड्डाणांपैकी ९०० च्या आसपासच रद्द झाली. वारा आणि राखेचा जाडसर पोत यांचा त्यात वाटा होता, पण राखेच्या प्रमाणानुसार पट्टे आखून कंपन्यांना निर्णय घेऊ देण्याची नवी पद्धतही कामी आली. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, आयकाओने, हीच दिशा मार्गदर्शक पुस्तिकेत मांडली: कंपनीने आपल्या विमानांसाठी जोखमीचे मूल्यांकन तयार ठेवावे, नियामकाने ते तपासून मान्य करावे आणि उड्डाण करायचे की नाही हे त्या चौकटीत कंपनीने ठरवावे. पुढे इंजिन उत्पादकांनी एकूण मात्रेचा हिशोबही आणला. घनमीटरमागे ४ मिलिग्रॅम राखेत एक तास काय किंवा २ मिलिग्रॅममध्ये दोन तास काय, इंजिनाने घेतलेली मात्रा सारखीच धरली जाते. नियोजनाला ही पद्धत सोयीची आहे, पण ती मूळ अंदाजाइतकीच विश्वासार्ह असते.

मग बंद केव्हा करावे?

बंदीचा आदेश पुढील परिस्थितीत द्यावा, असे माझे मत आहे. ज्वालामुखीच्या तोंडाजवळ, उद्रेक सुरू झाल्यापासून पहिला सल्ला हाती येईपर्यंत, आधीच ठरवून ठेवलेल्या त्रिज्येचे वर्तुळ बिनशर्त टाळले जावे. तेथे वादाला जागा नाही. दिसणारी राख किंवा दाट पट्टा आपल्या भूभागावर असेल, तर तेवढा भाग तेवढ्या उंचीदरम्यान बंद करावा. ढगाची उंची अजून निश्चित झाली नसेल, रात्र असेल आणि उपग्रहाचे चित्र ढगांनी झाकलेले असेल, तर काही तासांची बंदी समर्थनीय ठरते, मात्र तिची मुदत पुढच्या सल्ल्याच्या वेळेला बांधलेली असावी. मान्य मूल्यांकन नसलेल्या कंपन्यांना राखेच्या कोणत्याही पट्ट्यात उडू देऊ नये. इतरांना दिलेली मोकळीक त्यांना लागू होत नाही.

एक निकष भूगोलाचा आहे. इंजिने पुन्हा सुरू होण्यासाठी १९८२ मध्ये विमानाला वीस हजारांहून जास्त फूट खाली यावे लागले होते. समुद्रावर किंवा मैदानावर तेवढी उंची हाताशी असते. हिमालय किंवा काराकोरमवरच्या मार्गांवर ती नसते. त्यामुळे तितक्याच दाट राखेसाठी अरबी समुद्रावर सूचना पुरेशी ठरू शकते आणि लडाखवरच्या मार्गासाठी बंदी रास्त ठरू शकते. नियंत्रण कक्षाची क्षमताही पाहावी. वळवलेली सगळी विमाने एका अरुंद पट्ट्यात आणि दोन-चार विमानतळांवर येणार असतील, तर बंदीमुळे नवी जोखीम तयार होते. हवेत असलेल्या विमानांकडे किती इंधन आहे हे पाहिल्याशिवाय आदेशाची वेळ ठरवू नये.

उरलेल्या परिस्थितीत, म्हणजे ढग विरळ आहे, त्याची सीमा आणि उंची कळलेली आहे आणि कंपन्यांची तयारी आहे, तेव्हा भारताने २०२५ मध्ये केले ते योग्य होते: माहिती भराभर पोहोचवणे, टाळण्यास सांगणे, तपासणी मागणे. व्यापारी दबावाखाली कंपन्या चुकीचा निर्णय घेतील ही भीती अनाठायी नाही, म्हणूनच नियामकाने मूल्यांकन शांततेच्या काळात वाचलेले असावे. ढग आल्यावर ते मागवण्यात काही अर्थ नाही.

विमानतळाचा हिशोब निराळा

धावपट्टीवर राखेचा पातळ थरही पुरेसा त्रास देतो. ओली राख घसरडी होते, कोरडी राख प्रत्येक विमानाच्या झोतात पुन्हा उडते आणि शेजारच्या इंजिनात जाते. भरपूर पाणी मारून धुण्याचा मोह आवरावा, कारण त्याने राख घट्ट होते व गटारे तुंबतात. थोडासा ओलावा देऊन झाडणे आणि गोळा करून उचलून नेणे हाच सुरक्षित मार्ग. इटलीच्या सिसिली बेटावरील कातानिया विमानतळाला जवळच्या एटना ज्वालामुखीची सवय आहे. तेथे पुष्कळदा आकाशाचे ठरावीक विभाग बंद करून किंवा तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घटवून काम चालवले जाते. इंडोनेशियातल्या विमानतळांवर उघड्यावर कोरा कागद ठेवून राख पडते का हे पाहतात. साधी असली तरी ही चाचणी उपग्रहाला न दिसणारी गोष्ट सांगते, म्हणून मला ती आवडते.

पुन्हा उघडताना

बंद करण्यापेक्षा उघडण्याचा निर्णय जास्त घातक ठरू शकतो. १९८२ च्या त्या रात्रीनंतर गालुंगुंगभोवतीचे आकाश बंद केले होते आणि काही दिवसांत पुन्हा उघडले. १३ जुलैला सिंगापूर एअरलाइन्सच्या ७४७ विमानाला त्याच भागात तीन इंजिने बंद करावी लागली, आणि मग तेथील मार्ग कायमचे हलवण्यात आले. म्हणून 'आता काही दिसत नाही' एवढ्यावर उघडू नये. लागोपाठ दोन सल्ल्यांत तो भाग मोकळा दिसावा, उद्रेकाची स्थिती वेधशाळेकडून किंवा उपग्रहावरून ताडून पाहावी, आणि आधी दिवसा, कमी उंचीच्या व कमी गर्दीच्या मार्गांवर वाहतूक सुरू करावी. वैमानिकांना गंधकाचा वास, केबिनमधला धुरकटपणा, काचेवरच्या ठिणग्या, वेगाच्या आकड्यातली गडबड यांपैकी काहीही आढळले तर लगेच कळवण्यास सांगावे. राखेत शिरल्याची खात्री पटली तर इंजिनांचा जोर कमी करून, आल्या वाटेने वळून बाहेर पडणे ही त्यांची मान्य पद्धत आहे, आणि वर चढून निसटण्याचा प्रयत्न टाळायचा असतो.

प्रवाशांसाठी एवढेच की राखेमुळे उड्डाण रद्द होणे असाधारण परिस्थितीत मोडते, त्यामुळे नुकसानभरपाई सहसा मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे किंवा पर्यायी उड्डाण मागता येते. युरोपीय नियमांखालील उड्डाणांत जेवण व निवासाची जबाबदारी कंपनीवर राहते. २०१० ची हवाई हद्द बंदीही त्याला अपवाद नाही, असे युरोपीय न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी सांगितले.

शेवटी नोंदीविषयी. कोणत्या क्रमांकाच्या सल्ल्यावर, किती वाजता, कोणी, कोणता भाग कोणत्या उंचीदरम्यान बंद केला किंवा खुला ठेवला आणि त्या वेळी कोणती माहिती उपलब्ध नव्हती, हे आदेशासोबतच लिहून ठेवावे. ढगाजवळून गेलेल्या विमानांच्या इंजिनांचे बोरोस्कोप अहवाल, म्हणजे इंजिनात बारीक कॅमेरा घालून केलेल्या तपासणीचे अहवाल आले की ते याच नोंदीला जोडावेत, कारण प्रतिमानाने सांगितलेली राख आणि पात्यांवर सापडलेली राख यांची तुलना करण्याची संधी अशाच वेळी मिळते. सर्व वेळा यूटीसीमध्येच लिहाव्यात.